हळूहळू म्हणजे चालढकल नव्हे



साधनेला सुरुवात केली की पहिल्या महिन्यातच एक प्रश्न उभा राहतो. पहाटे पाचला उठायचे ठरवले आहे. मग उद्यापासूनच पाचला उठावे, की आधी साडेसहा, मग सहा, मग साडेपाच असे करत पाचवर यावे? ज्येष्ठ साधक बहुधा दुसरा मार्ग सुचवतात. एकदम पाचला उठणारा चौथ्या दिवशी आठला उठतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलेले असते. मराठीत ‘आरंभशूर’ हा शब्द तयार झाला तो अशाच अनुभवातून.

पण या दुसऱ्या मार्गातही एक खड्डा आहे. साडेसहाचा गजर वर्षभर साडेसहालाच राहतो. विचारले तर उत्तर तयार असते, “हळूहळू करतोय.” बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही साडेसहाला उठणारेच दिसतात. एक जण पायरी चढतो आहे आणि दुसरा पायरीवर बसला आहे, हे ओळखायचे कसे?

आज हा प्रश्न एकट्या साधकापुरता उरलेला नाही. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये जगातल्या राष्ट्रांनी हवामानाविषयी करार केला, तेव्हा त्यांनीही हाच दुसरा मार्ग निवडला. कोळसा, तेल आणि वायू जाळून जो कार्बन डायऑक्साइड आकाशात साठतो तो एका दिवसात थांबवणे कुणालाच शक्य नव्हते. म्हणून असे ठरले की प्रत्येक देशाने आपला संकल्प स्वतः सांगावा, दर पाच वर्षांनी नवा सांगावा, आणि नवा संकल्प आधीच्यापेक्षा पुढचा असावा. सर्वांनी मिळून दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा. त्यातला पहिला २०२३ साली दुबईत झाला. संकल्प मोडणाऱ्याला शिक्षा नाही. चारचौघांत बोललेला शब्द, एवढाच काय तो धाक. सत्संगात उभे राहून नियम सांगणाऱ्या साधकाची स्थिती याहून वेगळी नसते. आपल्या देशाने हा करार २०१६ साली गांधीजयंतीच्या दिवशी अधिकृतपणे स्वीकारला.

योगसूत्रांत पतंजली मुनींनी अभ्यास दृढ कशाने होतो हे सांगितले आहे. तो दीर्घ काळ व्हावा, त्यात खंड पडू नये, आणि तो आदरपूर्वक व्हावा. सर्वांचा भर पहिल्या अटीवर असतो. दीर्घ काळ म्हटले की मनाला बरे वाटते, कारण त्यात आज काही करावे लागत नाही! उरलेल्या दोन अटींकडे पाहिले की मात्र चालढकल उघडी पडते. हे समजून घेण्यासाठी आपण कोलकात्याकडे पाहू. दक्षिणेश्वर, बेलूर आणि गंगासागराच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांचे पाय त्या शहराला लागलेले आहेत. कोळशाची सवय जडलेले आणि ती सोडवू पाहणारे इतके जुने शहर आपल्या देशात क्वचितच सापडेल.

राणीगंजच्या परिसरात १७७४ साली कोळसा काढायला सुरुवात झाली आणि पुढे त्याच कोळशावर हुगळीच्या दोन्ही काठांवरच्या ज्यूटगिरण्या, बोटी, कारखाने चालू लागले. धूर इतका वाढला की १८६३ साली कलकत्ता आणि हावडा या शहरांसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. पण धूर किती हे मोजण्याचे साधनच तेव्हा नव्हते. एक म्हणणार धूर फार आहे, दुसरा म्हणणार कुठे आहे? दुसरा, अधिक कडक कायदा आला तो १९०५ साली, म्हणजे ४२ वर्षांनी. या वेळी त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला, निरीक्षक आले, आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा छापलेला तक्ता समोर धरून धुरांड्यांचा काळेपणा ताडून पाहता येऊ लागला.

साधकाला यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे. ‘जमेल तितका जप करीन’ हा संकल्प मोडता येत नाही, कारण तो कधी केलेलाच नसतो. माळ हातात आली की एकशेआठ म्हणजे एकशेआठ! मोजमाप नसलेला नियम ही आपण स्वतःला दिलेली सवलत असते.

पण त्या कायद्याचीही एक मर्यादा होती. त्याचे लक्ष होते धुरावर, कोळशावर नव्हे. भट्टी नीट पेटवली तर काजळी कमी होते. कोळसा मात्र जळायचा तो जळतोच आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कुठल्याच तक्त्यावर उमटत नाही, कारण त्याला रंग नाही, वास नाही. दिसणारा दोष घालवला की न दिसणारा दोष अधिक निर्धास्तपणे वाढतो. रागीट माणूस रागावणे सोडतो आणि ‘मी राग जिंकला’ हा अहंकार वाढवतो, तसेच हे.

आता दुसऱ्या अटीकडे येऊ: खंड न पडणे. इथे कोलकात्याची ट्राम आठवते.

१८७३ साली तिथे घोड्यांची ट्राम धावली. २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे विजेवरची ट्राम सुरू झाली. तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, तरी रस्त्यावर धूर न सोडता शेकडो माणसांना नेणारे वाहन त्या शहराच्या हाती आले होते. रुळ पडले, तारा ओढल्या गेल्या, चालक-वाहकांच्या पिढ्या घडल्या. नंतर गाड्या वाढल्या, रस्ते अपुरे पडू लागले आणि ट्राम अडचण वाटू लागली. हावडा पुलावरची ट्राम १९९३ साली बंद झाली. मग एकेक मार्ग गळत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की एस्प्लनेड ते मैदान हा वारसा म्हणून ठेवायचा छोटा मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करायची.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. कोलकात्यात रस्त्यांखालची जागा फार थोडी आहे, ट्राम सावकाश चालते आणि मागची वाहने अडतात, असे सरकारचे म्हणणे. ते खोटे नाही. मात्र त्याच शहराने २०१९ साली ऐंशी विजेच्या बस रस्त्यावर आणल्या आणि त्यासाठी जगभरातल्या मोठ्या शहरांच्या संघटनेकडून सन्मानही मिळवला. विजेच्या वाहनाचे स्वागत एका हाताने, आणि शंभर वर्षांहून जुन्या विजेच्या वाहनाला निरोप दुसऱ्या हाताने! मुंबईकरांनी मात्र यावरून कोलकात्याला नावे ठेवू नयेत. आपली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ च्या रात्री. कोलकात्याने निदान साठ वर्षे जास्त टिकवली.

साधनेतही आपण नेमके हेच करतो. आजीने लावलेली सायंप्रार्थना मोबाइल हाती आल्यावर सुटते. मग दहा वर्षांनी पैसे भरून ध्यानाच्या शिबिराला जाऊन संध्याकाळी शांत बसायला शिकतो. आधी मिळवलेले हातचे जाऊ न देता पुढचे मिळवणे, याला अखंड अभ्यास म्हणतात. नाही तर ‘येरे माझ्या मागल्या’ ठरलेलेच. राष्ट्रांचेही तसेच. अमेरिका २०२० साली पॅरिस करारातून बाहेर पडली, २०२१ साली परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. पाच वर्षांच्या मोजपट्टीवर अशी धरसोड झाली की बाकीचेही विचारू लागतात, मग मीच का?

याउलट कोलकात्याची मेट्रो पाहा. १९७२ साली पायाभरणी झाली. पहिले ३.४ किलोमीटर सुरू व्हायला २४ ऑक्टोबर १९८४ उजाडला. बारा वर्षे शहर खणलेले होते, लोक वैतागले होते. पण काम सोडले नाही. मार्च २०२४ मध्ये हुगळी नदीच्या तळाखालून गाडी धावली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सियालदह ते एस्प्लनेड हा मधला दुवा जोडला गेला. याला दीर्घ काळ म्हणावे. त्यात दिरंगाई होती, चुका होत्या, तरी दर वेळी रुळ पुढेच सरकला.

तिसरी अट आदराची. अभ्यासात आदर म्हणजे ज्याचा अभ्यास करतो त्याविषयी श्रद्धा. सार्वजनिक नियमाच्या बाबतीत मात्र मी त्याचा अर्थ थोडा वाढवतो: ज्याच्यावर नियमाचा भार पडणार त्याच्याविषयीही आदर.

जुलै २००८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने महानगर क्षेत्रातून हटवण्याचा आणि जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांऐवजी एलपीजीवर चालणाऱ्या रिक्षा आणण्याचा आदेश दिला. मुदत पुढे ढकलली गेली आणि अखेर २००९ च्या जुलैअखेरीनंतर अंमलबजावणी झाली. मधल्या काळात रस्त्यावर आंदोलने झाली. ती का झाली हे समजणे अवघड नाही. ज्याची सगळी मिळकत एका रिक्षात आहे त्याला ‘उद्यापासून ही चालणार नाही’ असे सांगणे म्हणजे त्याच्या घरातली चूल विझवणे. हवा शुद्ध करण्यासाठी केलेली हिंसा ही हिंसाच राहते. म्हणून नियमाची तारीख आधी सांगावी, कर्जाची सोय करावी, बदलायला वेळ द्यावा. हळूहळू जाण्याचे खरे समर्थन इथे आहे. ज्याच्याकडे कमी आहे त्याला सावरायला लागणारा तो वेळ आहे. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला दिलेली ती सुट्टी नव्हे. पिवळ्या ॲम्बॅसडर टॅक्सीही याच पंधरा वर्षांच्या नियमाने एकेक करून जात आहेत. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती गाडी बनणे २०१४ सालीच थांबले. शहराला हुरहूर लागली आहे. ती लागावीच. सोडताना दुखत नसेल तर त्या त्यागाचे मोल काय?

हा ‘आदर’ आणखी एका दिशेने लागू करावा लागतो, आणि तिथे हळूहळू या शब्दाची परीक्षा होते. मकरसंक्रांतीला गंगासागरला जाणारे साधक कपिलमुनींच्या ज्या मंदिरात दर्शन घेतात, त्याच्या आधीची मंदिरे समुद्राने पोटात घेतली आहेत. सागर बेटाच्या जवळच घोडामारा हे बेट आहे. त्याची जमीन वर्षानुवर्षे खचत, झिजत चालली आहे आणि तिथली कुटुंबे दुसरीकडे जाऊन राहिली आहेत. सगळा दोष हवामानबदलाचा नाही. गाळ कमी येणे, जमीन खचणे, नदीचे पात्र बदलणे हीही कारणे आहेत. पण समुद्राची पातळी वाढते आहे आणि ज्याच्या अंगणापर्यंत पाणी आले आहे त्याला ‘आम्ही टप्प्याटप्प्याने करतो आहोत’ हे उत्तर देताना आपला आवाज खाली गेला पाहिजे. २००९ च्या मे महिन्यात आयला वादळ तिथे आले. २० मे २०२० रोजी अम्फान आले. कोलकात्यातली हजारो झाडे एका रात्रीत आडवी झाली. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ आपल्या कोकणात उतरले आणि श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा मोडून पडल्या. पोफळीला पुन्हा फळ धरायला किती वर्षे लागतात हे बागायतदाराला विचारा. त्याच्यासाठी दीर्घ काळ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

मग आपला देश पायरी चढतो आहे की पायरीवर बसला आहे? दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे पाहू. २०१५ साली भारताने सांगितले की उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्के कमी करू. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा ४५ टक्के केला. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत कोळसा-तेल-वायूखेरीज इतर स्रोतांचा वाटा आधी ४० टक्के ठरला होता, तो ५० टक्के केला. आणि तो टप्पा २०२५ साली, पाच वर्षे आधीच, गाठला गेला. २००५ ते २०२० या काळात तीव्रता ३६ टक्के कमी झाल्याचेही सरकारने कळवले आहे. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प २०२१ मध्ये ग्लासगोत जाहीर झाला. संकल्प वाढला, पायरी चढली, हे कौतुकाने म्हटले पाहिजे.

मात्र ‘तीव्रता’ या शब्दापाशी थांबा. तीव्रता म्हणजे देशाच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन. एक साधक म्हणतो, पूर्वी मला रोज शंभर माणसे भेटत आणि मी तीस जणांवर रागवत असे. आता शंभरांत वीस जणांवरच रागवतो. प्रगती खरी आहे. पण आता त्याला रोज पाचशे माणसे भेटतात, म्हणजे रोज शंभर जण त्याचा राग सोसतात! आपल्या देशाचे तसेच आहे. रुपयामागचा कार्बन घटतो, एकूण कार्बन अजून वाढतो. क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष वापरली जाणारी बहुतांश वीज अजून कोळशाचीच. कोलकात्याची विजेवरची बसही पुष्कळ अंशी त्याच कोळशावर धावते. गरीब देशाला दिवे लावायचे आहेत, कारखाने काढायचे आहेत, आणि आपल्या माणशी उत्सर्जनाचा आकडा श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी लहान आहे, हे सर्व मान्य. पण ही सवलत खेड्यातल्या त्या बाईची आहे जिच्या घरी पहिला पंखा लागला. आपल्यासारख्या, घरात दुसरा एसी लावणाऱ्यांनी तिच्या पदराआड लपू नये.

एसीचा विषय निघालाच आहे, तर त्याच्यावरच्या ताऱ्यांकडे पाहू. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये ही तारांकन पद्धत सुरू केली. फ्रिज असो, एसी असो, कमी वीज खाणाऱ्याला जास्त तारे. यातली खुबी अशी की निकष एका जागी थांबत नाहीत. १ जुलै २०२२ पासून एसीचे निकष कडक झाले आणि जून महिन्यात पाच तारे मिरवणारे यंत्र जुलैत चार ताऱ्यांचे झाले. यंत्रात काही बिघडले नव्हते. पायरी वर सरकली होती. त्या चिकटपट्टीवर कालावधीही छापलेला असतो. कधीपासून कधीपर्यंत हे तारे खरे. दुकानात गेलात तर जरूर वाचा.

हवामान-धोरण टप्प्याटप्प्याने कडक करणे याचा अर्थ मला या चिकटपट्टीइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसला नाही. उद्योजकाला आधी कळते, त्याला वेळ मिळतो, ग्राहकावर एकदम भार येत नाही, आणि तरीही कुणाला ‘मी पोचलो’ म्हणून बसता येत नाही. आपल्या साधनेवर अशी चिकटपट्टी असती तर? दहा वर्षांपूर्वी मांसाहार सोडला, त्याचे तारे आजही छातीवर आहेत. आठवड्यातून एक दिवस गाडी न वापरण्याचा नियम घेतला आणि त्याच एका दिवसावर सात वर्षे गेली. त्या नियमाची मुदत कधी संपली?

आपल्या केंद्रांना म्हणून एक विनंती आहे, आणि ती फक्त घरातल्या दिव्या-पंख्यांपुरती नाही. नियम सरकार करते, पण सरकार कुणाच्या तोंडाकडे पाहते? मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरवले. मुंबईतल्या किती साधकांनी तो उघडून पाहिला आहे? तुमच्या नगरसेवकाला किंवा प्रभाग कार्यालयाला वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, पत्र पाठवा: गेल्या वर्षी बस किती होत्या, या वर्षी किती आहेत, किती शाळांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसल्या, पुढच्या वर्षीचा आकडा किती. भाषा गोड असू द्या. राग नको, आंदोलनाचा आविर्भाव नको. पण पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेच पत्र जुन्या आकड्यासह पुन्हा जाऊ द्या. १९०५ च्या त्या निरीक्षकाच्या हातात जसा तक्ता होता, तसे हे पत्र समजा.

आणि घरासाठी, केंद्रासाठी एवढे करा. गुरुपौर्णिमेच्या महिन्याचे विजेचे बिल काढा आणि युनिट लिहून ठेवा. रुपये नकोत, दर बदलत असतात. साप्ताहिक सत्संगाला किती जण दुचाकीने आले, किती गाडीने, किती बसने वा पायी, हे महिन्यातून एकदा मोजा. दोन्ही आकड्यांपुढे पुढच्या गुरुपौर्णिमेचा आकडा लिहा, आजच्यापेक्षा थोडाच कमी, पण कमी. ज्या घरी यंदा आजारी माणूस आहे, लहान बाळ आहे, तिथे आकडा तसाच राहू द्या. त्याचे कारण शेजारी लिहा. आणि हा कागद कपाटात ठेवू नका. केंद्राच्या फलकावर, चपला काढतो तिथे, सगळ्यांच्या नजरेस पडेल असा लावा.